खिशातली गोळी चालू नव्हती

वाशीमच्या बसस्थानकावर मी कंट्रोलर आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाची पिशवी चौकशी खिडकीशी राहून गेली, हे माईकवरून सांगणं माझं काम. माझं गाव अनसिंग. गावातले लोक म्हणतात, या माणसाला माईक दिला कशाला. असा मी डॉक्टरांसमोर जाऊन बसलो आणि तोंडातून शब्द फुटेना. फुटला तो चुकीचा फुटला. माझ्यासारखे पुरुष आपल्या भागात पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त आपल्यालाच झालंय, म्हणून हे लिहायला बसलो. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारूनच बसलोय.

कमजोरी

पन्नाशी ओलांडली आणि काही महिन्यांत बायकोजवळ गेल्यावर शरीर साथ देईनासं झालं. पहिल्यांदा झालं तेव्हा ड्युटीच्या थकव्यावर ढकललं. दुसऱ्यांदा उन्हाळ्यावर ढकललं. त्यानंतर ढकलायला काही उरलं नाही. इच्छा होती, प्रेम होतं, पण लिंगाला ताठरता येत नव्हती आणि आलीच तर टिकत नव्हती. आज हे वाक्य सरळ लिहिता येतंय. तेव्हा मी ते मनातल्या मनातसुद्धा पूर्ण करत नव्हतो.

गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बाकावर ओळखीची माणसं, मध्ये नुसता पडदा.

"काय होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमजोरी आली, डॉक्टर."

आता आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मान वर करून कमजोरी म्हटलं तर अंगात ताकद नाही, आणि मान खाली घालून म्हटलं तर ती दुसरी. बाहेर कोण ऐकतंय ते बघण्याच्या नादात मी बहुतेक मान वर करून म्हणालो. डॉक्टरांनी सलाईन लावलं.

बाटली संपेपर्यंत निम्मं गाव भेटून गेलं. शेजारचे काका बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि "लय काम करू नका, कंट्रोलर साहेब" असा सल्ला देऊन गेले. गंमत म्हणजे मला बरंही वाटलं. ताजातवाना होऊन घरी आलो. ज्या दुखण्यासाठी गेलो होतो ते मात्र होतं तसंच होतं. काही दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तोच शब्द, पुन्हा तीच बाटली. तिसऱ्या खेपेला तर मला दारात पाहूनच कंपाउंडरनं सलाईनचा स्टँड ओढून आणला.

रात्रपाळी

मग मी दुसरा मार्ग काढला. रात्रपाळी मागून घेतली. बाकीचे लोक रात्रपाळी टाळायला धडपडतात, त्यामुळे साहेबांनी माझं कौतुकच केलं. सकाळी घरी यायचं, जेवायचं आणि आडवं व्हायचं. आमच्या पडवीत शोभाची पिठाची गिरणी आहे. दिवसभर ती गिरणीत आणि मी झोपेत, म्हणजे काही विचारायची वेळच येत नाही, असा माझा हिशोब होता.

तिनं खरोखरच काही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पौर्णिमेला विहारात जाताना पांढरी साडी नेसली की ती माझ्यासमोर उभी राहून "पाहा बरं, कशी दिसते" म्हणायची. ते तिनं सोडून दिलं. आमचा मुलगा सुमेध पुण्याला नोकरीत आहे, सून गरोदर होती. बाळंतपणासाठी त्यानं आईला बोलावलं होतं. एका सकाळी मी पांघरुणात असताना शोभाचं फोनवरचं बोलणं कानावर आलं.

"महिनाभर काहून, सालभर राहीन ना. इथं माह्यावाचून कोणाचं काय अडलं?"

मी डोळे मिटून पडून राहिलो. ती एकदा पुण्याला गेली की परत येण्यासारखं इथं तिला काही राहणार नाही, असं मला वाटायला लागलं. आजारापेक्षा मला त्याची भीती मोठी होती.

मधुकरची गोळी

मधुकर ड्रायव्हर माझा जुना दोस्त. त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं, पण आपण होऊन रात्रपाळी मागणाऱ्या माणसाचं काय बिनसलंय ते त्यानं बरोबर ताडलं. कँटीनमध्ये चहा पिता पिता त्यानं माझ्या हातावर कागदात गुंडाळलेली एक गोळी ठेवली.

"घे. फुल पावरची हाय. जेवण झालं का टाक."

"कायची हाय पण?"

"नाव कायले पाह्यजे तुले? काम करते ना, बस."

"तू घेतो का?"

"मले काय गरज पडली," म्हणत त्यानं नजर फिरवली. त्याच्या खिशातून मात्र अख्खी पट्टी डोकावत होती.

रविवारी मला सुट्टी होती. गोळी शर्टाच्या खिशात टाकून मी रविवारची वाट बघत राहिलो. पण तो दिवस जवळ आला तसा धीर सुटायला लागला. गिळायची तर शोभाला सांगून गिळू, असं ठरवलं. काही झालं तर निदान कारण तरी कुणाला माहीत असावं.

गिरणी

सांगायची जागा मी मोठ्या हुशारीनं निवडली. गिरणी चालू असली की पडवीत दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. ज्वारीचे डबे घेऊन बाया भिंतीशी बसल्या होत्या. मी शोभाच्या कानाशी तोंड नेऊन सांगायला लागलो. तिला कळेना. "काय म्हणता?" ती ओरडली. मीही आवाज चढवला. माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. आणि नेमकी लाईट गेली. पट्टा फिरायचा थांबला आणि त्या शांततेत माझं वाक्य पार रस्त्यापर्यंत गेलं.

"माह्याच्यानं सालभरापासून होतच नाई."

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातल्या एका म्हातारीनं मायेनं विचारलं, "काय होत नाई, बापू?"

शोभानं हातावरचं पीठ झटकलं. "पट्टा चढवणं होत नाई व काकू त्याईच्यानं. खांदा दुखते."

"मंग तेल लावाव ना," म्हातारी म्हणाली. कुठलं तेल लावावं यावर बायांमध्ये बोलणं सुरू झालं. लाईट काही येईना, तशा त्या डबे ठेवून एकेक करून निघून गेल्या.

शोभा गव्हाच्या पोत्यावर बसली.

"मी म्हातारी दिसाले लागली म्हणून तुमी रात्रपाळी घेतली, असं धरून होती मी," ती म्हणाली.

"पागल हाय का व तू?" एवढंच मला म्हणता आलं. मग मी रडलो. तीही रडली. दोघांच्या तोंडावर पीठ होतं, त्यामुळे जो कुणी आला असता तो घाबरूनच परत गेला असता.

डोळे पुसून झाल्यावर मी तिला मधुकरची गोळी दाखवली. तिनं कागद उलटापालटा करून पाहिला.

"ढोराले औषध पाजतो तं नाव पाह्यतो आपुन," ती म्हणाली. "हे डाक्टरले दाखवल्याबिगर गिळाची नाई."

चालू

सोमवारी आम्ही दोघं वाशीमच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. आत गेलो तर डॉक्टर बाई. मी तिथूनच वळणार होतो, पण मागे शोभा दारात उभी होती.

"काय त्रास होतो?" मॅडमनी विचारलं.

"कमजोरी."

"कुठली? अंगातली की नवरा-बायकोच्या संबंधातली?"

"दुसरी," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं ते. सलाईनच्या तीन बाटल्या मी उगाच जिरवल्या. मॅडमनी मग झोप, काळजी, दारू, तंबाखू, सगळं विचारलं. सकाळी जाग येताना ताठरता असते का, हेही विचारलं, आणि तेही गाडीची वेळ विचारावी इतक्या सहज. दारू मी घेत नव्हतो, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसभर तोंडात असायचा. रक्त तपासायला दिलं. दुपारनंतर रिपोर्ट आला. साखर चांगलीच वाढलेली होती.

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. वर्षभर मी मनात स्वतःला जो शब्द लावत होतो, त्याच्या जागी आता मधुमेह हा शब्द आला होता. मधुमेह काय, आमच्या स्टँडवर किती जणांना आहे. तो आनंद फार टिकला नाही. मॅडम म्हणाल्या, "साखरेनं, रक्तदाबानं, तंबाखूनं रक्तवाहिन्या खराब होतात. तिथल्या वाहिन्या बारीक, म्हणून काही जणांना त्रास आधी तिथं दिसतो. तुम्ही आलात हे बरं केलंत. साखरेचे उपचार लगेच सुरू करू. ताठरतेसाठीही गोळी देता येते. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

"काहीच चालू नाही, मॅडम."

त्यांनी रक्तदाब मोजला, चिठ्ठी लिहिली. मी घेऊन उठलो. शोभा काही उठली नाही.

"अन् त्या खिशातल्या?" ती म्हणाली.

"कोणत्या?"

"जिभेखालच्या."

झालं असं होतं की मागच्या हिवाळ्यात किन्हीराजा गावी एका लग्नात वांग्याची भाजी आणि रोडगे मी जरा जास्तच हाणले होते. त्यानंतर छातीत दुखायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी बारक्या गोळ्यांची एक डबी दिली, पुन्हा दुखलं तर जिभेखाली धरा म्हणाले आणि हृदय तपासून घ्या असंही म्हणाले. पुन्हा दुखलं नाही, म्हणून मी तपासलंही नाही. डबी मात्र तेव्हापासून खिशात असायची.

"त्या चालू नाहीत, मॅडम," मी समजावलं. "त्या नुसत्या ठेवल्या आहेत."

मी खोटं बोलत नव्हतो. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ घेतात त्या गोळ्या चालू. डेपोत उभ्या असलेल्या गाडीला कुणी चालू गाडी म्हणत नाही. मॅडमनी डबी हातात घेऊन नाव वाचलं, माझ्याकडून चिठ्ठी परत घेतली आणि फाडून टाकली.

"ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. मी लिहिलेलीही तेच करते. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब इतका खाली जाऊ शकतो की माणूस उठणार नाही. खिशात असलेली, कधीतरी घ्यायची, जिभेखाली फवारायची, सगळी औषधं सांगायची असतात."

मी मुकाट्यानं मधुकरची गोळी काढून टेबलावर ठेवली. आठवडाभर दोन्ही एकाच खिशात होत्या. ही घेतली असती, छातीत धडधडलं असतं, आणि घाबरून मी ती दुसरी जिभेखाली धरली असती. हे मॅडमनी बोलायच्या आधीच मला कळलं. शोभालाही कळलं असावं, कारण तिनं माझं मनगट धरलं आणि बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. मधुकरची गोळी मॅडमनी ठेवून घेतली. तिच्यात काय आहे आणि किती आहे, कुणालाच माहीत नव्हतं.

अकोल्याचा पट्टा

हृदयाची तपासणी होईपर्यंत ती गोळी नाही, असं ठरलं. साखरेची औषधं सुरू झाली आणि आम्ही अकोल्याला निघालो. बसमध्ये मला हृदयाची जेवढी भीती वाटत होती तेवढीच दुसऱ्या गोष्टीची वाटत होती. तपासणी वाईट आली तर गोळीचं दार कायमचं बंद होईल. मी शोभाला हळूच विचारलं, "अन् नाईच म्हणले तं?"

"तं बिनगोळीचं राहू," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आता मले माहीत तं झालं ना, काय झालं थे."

पुण्याचं विचारायची हिंमत मला तरीही झाली नाही.

दवाखान्यात छातीला वायरी चिकटवून मला सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. पट्टा वेग घेत गेला, मग त्याला चढही आला. मी घामाघूम. बाहेर आलो तर शोभा म्हणाली, "पट्टा जमला म्हणा तुमाले." आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. इतक्या महिन्यांनी तिला असं हसताना बघून माझा अर्धा आजार तिथंच पळाला.

हृदय ठणठणीत निघालं. लग्नातलं दुखणं पित्ताचं असावं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. जिभेखालच्या गोळीची गरज नाही, आणि ताठरतेची गोळी घ्यायला, नवरा-बायकोचे संबंध ठेवायला हरकत नाही, हे त्यांनी लिहून दिलं. खर्रा बंद करायला सांगितलं, ते सगळ्यात जड गेलं. स्टँडवर बडीशेप चघळत बसायचो तर लोक विचारायचे, कुणाच्या पंगतीतून आले.

लाईट नाही

मॅडमनी कमी ताकदीची गोळी लिहून दिली. मेडिकलवाल्याला चिठ्ठी देताना माझी मान खाली होती, पण त्यानं पाकिटात घालून बिल हातात दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध काढायला वळला. त्याला माझं काहीच वाटलं नाही.

गोळीबद्दल मॅडमनी सांगितलं ते मी लोकांना माझ्या भाषेत सांगतो. गोळी गाडी फलाटावर लावून देते, चढायचं आपणच. म्हणजे गिळून भिंतीकडे बघत बसलं तर काही होत नाही, जवळीक लागतेच. साधारण तासभर आधी घ्यायची. दिवसात एकच, काही झालं नाही म्हणून दुसरी नाही. तुडुंब जेवून घेतली तर उशीर लागतो. डोकं दुखणं, तोंड तांबडं होणं, नाक चोंदणं होऊ शकतं. पण छातीत दुखलं, अचानक दिसेना किंवा ऐकू येईना, किंवा ताठरता चार तासांवर राहिली, तर लाज खुंटीला टांगून थेट दवाखाना गाठायचा आणि ही गोळी घेतलीय हे आधी सांगायचं. माझ्यासाठी जो डोस आहे तो माझ्यासाठी, दुसऱ्यासाठी नाही.

एवढं ऐकूनही पहिल्या खेपेला मी चुकलोच. रविवार दुपार, गिरणी बंद, आणि मी आनंदाच्या भरात पुरणपोळी तुपात बुडवून खाल्ली. साखरेची आठवण शोभानं करून दिली, पण उशिरा. नाक चोंदलं, कान लाल झाले, बाकी शांतता. त्यात बाहेरून दार वाजलं.

"शोभाबाई, गिरणी काहून बंद हाय? भाकरीले पीठ नाई माह्या घरी."

शोभा उठून दळण दळून आली. तोवर मी दुसरी गोळी काढली होती. तिनं पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि डाळीच्या डब्यात टाकून झाकण लावलं. "मॅडम काय म्हणल्या होत्या?" मग आम्ही दोघं नुसते पडून बोलत राहिलो, सुमेधच्या लहानपणाचं, आमच्या लग्नातल्या भांडणाचं. वाईट गेली नाही ती दुपार. पुढच्या भेटीत मॅडम म्हणाल्या, एकदा जमलं नाही म्हणून औषधाला नावं ठेवू नका, हलकं जेवून, मन मोकळं ठेवून पुन्हा बघा.

पुढच्या रविवारी शोभानं गिरणीच्या दारावर पाटी लावली, "लाईट नाही". शेजारच्या घरात पंखा गरगर फिरत होता आणि रेडिओ वाजत होता, पण त्या दिवशी कुणी दार वाजवलं नाही. बाकी काय झालं ते लिहायचं नाही, असं शोभानं बजावलंय. फक्त एवढं सांगतो की संध्याकाळी तिनं स्वतः होऊन चहात आलं घातलं आणि दळण करताना काहीतरी गुणगुणत होती. मी दुसऱ्याच दिवशी रात्रपाळी सोडली.

आता दर खेपेला गोळी लागते असं नाही. साखर ताब्यात आहे, पहाटे चालायला जातो, तोंडात बडीशेप असते. लागली तर घेतो, नाही लागली तर नाही. कधी काहीच जमत नाही, तेव्हा दोघं हसून सोडून देतो.

मधुकरला मी कँटीनमध्ये बसवून सगळं सांगितलं, माझं नाव घालून. त्याचा चहा गार झाला.

"तुह्या खिशात अजून काय काय हाय?" मी विचारलं.

"बीपीची हाय एक. अन् लघवीची," तो पुटपुटला. "पण थे रोजच्या नाई, याद आली का घेतो."

"मॅडमले दोन्ही सांग. अन् वाटू नको आता कोणाले."

तो नुसता हं म्हणाला. काही दिवसांनी साखर दाखवायला गेलो तेव्हा मधुकर तिथल्या बाकावर तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसला होता. मी ओळख दाखवली नाही. त्यानंही दाखवली नाही.

पुण्याचा फोन

शोभाचं पुण्याला जायचं जवळ आलं होतं. तिनं बॅग काढून उन्हात ठेवली, तेव्हा माझी ती जुनी भीती परत आली. सालभराचा शब्द तिनं दिला होता आणि मागे घेतल्याचं मला कधी बोलली नव्हती. मीही विचारलं नाही. मुलगा आहे, नातवंड येणार आहे, कुठल्या तोंडानं अडवणार. मी डबे उचलून द्यायचं निमित्त करून गिरणीत घुटमळत होतो, तेवढ्यात सुमेधचा फोन आला. तिचे हात पिठाचे, म्हणून मीच स्पीकर लावून धरला.

"आई, सालभराच्या हिशोबानं सामान आण हं."

"सालभर नाई जमत बापू," शोभा म्हणाली. "महिनाभरासाठी येतो. आमी दोघं. तुह्या बाबानं रजा टाकली."

मी रजा टाकलेली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत नव्हती.

"बाबाही येतायत? मग छानच," सुमेध म्हणाला. "जागा जरा कमी आहे, पण तू आतल्या खोलीत झोप, बाबांची गादी हॉलमध्ये टाकू."

"हॉलमधी नाई. आमाले दोघाइले एकच खोली पाह्यजे," शोभा गव्हाच्या डब्याचं झाकण लावत म्हणाली. "अन् तिले आतून कडी पाह्यजे."

पलीकडून काही आवाजच आला नाही. फोन कट झाला असं वाटून मी तो कानाशी नेणार, तेवढ्यात मागून सुनेचं खुदकन हसणं ऐकू आलं. मग सुमेधनं घसा साफ केला.

"बसवून घेतो, आई," तो म्हणाला.